सोलापूरच्या उन्हात वायरलेस चार्जर, कॅमेरा आणि पॉवर बँक: काय घ्यावे?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. गाडीसाठी मॅग्नेटचा वायरलेस चार्जर, बाळीवेशीतल्या आमच्या जुन्या घरासाठी वायफाय कॅमेरा आणि प्रवासासाठी २०,००० एमएएचची पॉवर बँक घ्यायचा विचार आहे. घरी आईवडील दोघेच असतात, त्यामुळे कॅमेऱ्याची निकड जास्त आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि माझी गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते. अशा उन्हात या वस्तू कितपत टिकतील, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (मोबाइल दुरुस्ती, सात रस्ता)

गाडीच्या चार्जरबाबत सविस्तर लिहितो, कारण उन्हाचा खरा प्रश्न तिथेच आहे. वायरलेस चार्जिंगमध्ये चार्जरमधल्या तारेच्या वेटोळ्यातून फोनमधल्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्राद्वारे वीज जाते आणि त्यातला काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. दोन्ही वेटोळी समोरासमोर नसतील, तर ही उष्णता आणखी वाढते. २०२३ साली आलेल्या क्यूआय२ या वायरलेस चार्जिंगच्या मानकात मॅग्नेटची कडी असते, ती फोनला अचूक जागी धरते आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत १५ वॅटपर्यंत चार्जिंग होते. म्हणून साधा क्यूआय (याच मानकाची जुनी आवृत्ती) चार्जर न घेता क्यूआय२ प्रमाणित चार्जरच घ्यावा. आपल्या फोनमध्ये मॅग्नेट नसेल, तर मॅग्नेटचे कव्हर लागेल, आणि फोनला मुळात वायरलेस चार्जिंगची सोय नसेल, तर कव्हर लावूनही उपयोग होणार नाही.

आता उन्हाचे. ॲपल कंपनी आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असे सांगते. बंद गाडीच्या काचेमागे दुपारी तापमान त्याच्या कितीतरी वर जाते. तापलेला फोन चार्जिंग थांबवतो, पडदा मंद करतो, आणि असे रोज होत राहिले की बॅटरीची क्षमता लवकर घटते. त्यामुळे डॅशबोर्डवर किंवा काचेला चिकटणारा स्टँड टाळून एसीच्या जाळीवर बसणारा घ्यावा, म्हणजे गार हवा थेट फोनच्या पाठीवर येते. गाडी उभी करताना मात्र फोन आणि पॉवर बँक दोन्ही सोबत न्यावेत. भर दुपारी पुण्याला निघताना नकाशा चालू ठेवून चार्जिंग करायचे असेल, तर सरळ केबल लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ (विजापूर रोड)

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात सांगते. जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींतून वायफायच्या ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल बरा पोहोचतो, म्हणून कॅमेरा त्याच बँडवर जोडावा. वीज गेली की राउटरही बंद पडतो आणि कॅमेरा बॅटरीचा असला, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्याच खर्चात धरावा. मेमरी कार्डची सोय असलेला कॅमेरा असेल, तर नेट नसतानाही चित्रण साठत राहते. आईवडिलांना विचारून, त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही अशा जागी, म्हणजे दाराशी किंवा अंगणाकडे तोंड करून तो बसवावा, ही मनापासून विनंती.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. कॅमेरा दाराशीच बसवेन. पॉवर बँक विमानात नेता येते का?

उत्तर १

येते, पण केबिनच्या सामानातच. चेक-इनच्या बॅगेत ती ठेवता येत नाही. मर्यादा १०० वॅट-तासांची (बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) आहे. २०,००० एमएएचला आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की ७४ वॅट-तास येतात, म्हणजे आपली पॉवर बँक त्यात बसते. पॉवर बँकेवर क्षमतेचा आकडा स्पष्ट छापलेला असावा, कारण तो पुसला गेला असेल तर तपासणीत अडवतात. आणि पैसे देण्याआधी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) चिन्हाखालचा आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच, दुकानात उभे राहून तपासावा. क्रमांकासमोर दुसऱ्याच कंपनीचे नाव आले, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.