खडूच्या चित्रात उडी मारलेली माणसे इतकी खरी कशी दिसतात?

झुळूक:
नमस्कार. आठ वर्षांच्या भाचीबरोबर १९६४ सालचा 'मेरी पॉपिन्स' पाहिला. फुटपाथवर खडूने काढलेल्या चित्रात चौघे उडी मारतात आणि पुढे पेंग्विन वेटर बर्टबरोबर नाचतात, हा भाग तिने पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. माझे लक्ष मात्र मेरीच्या टोपीवरच्या झिरझिरीत जाळीकडे होते. जाळीच्या आरपार मागचे रंगवलेले दृश्य स्वच्छ दिसते आणि कडेला निळसर रेघ उमटत नाही. संगणक नसताना हे कसे साधले? याच धाटणीचा आणखी एखादा चित्रपट तिला दाखवण्याजोगा असल्यास कृपया सुचवावा.

जुनी_रिळे:
आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. निळ्या पडद्यासमोर चित्रण केले की तो निळा रंग केसांच्या कडांवर आणि पातळ कापडावर चढतो, आणि नंतर काढू म्हटले तर कापडही थोडे नाहीसे होते. येथे डिस्नेच्या तंत्रज्ञांनी पांढऱ्या पडद्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश टाकला. त्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, अगदी अरुंद पट्ट्यात असते. त्यामुळे तेवढाच प्रकाश बाजूला काढला तरी कलाकारांच्या कपड्यांचे रंग, अगदी पिवळेसुद्धा, शाबूत राहतात. कॅमेऱ्यातील खास लोलक आलेला प्रकाश दोन फिल्मवर विभागत असे. एकीवर कलाकार रंगीत उमटत, तर दुसरीवर केवळ पडद्याचा प्रकाश, म्हणजे कलाकारांची काळी आकृती, मिळत असे. तिच्या आधारे रंगवलेले दृश्य नेमके कलाकारांच्या भोवती बसवता येई. जाळीचा धागान् धागा त्या दुसऱ्या फिल्मवर चित्रणाच्या क्षणीच नोंदला जाई, आणि हेच या पद्धतीचे खरे मोठेपण आहे. या कामासाठी पेट्रो व्लाहोस, वॉड्सवर्थ पोल आणि अब आयवर्क्स यांना ऑस्कर मिळाले.

रेषा_आणि_रंग:
वरील माहिती अचूक आहे, परंतु केवळ कडा स्वच्छ असल्याने डोळा फसत नाही. बर्टची भूमिका करणारे डिक व्हॅन डाइक नाचले तेव्हा समोर पेंग्विन नव्हतेच. चित्रण आधी झाले आणि फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांच्यासारख्या कसलेल्या चित्रकारांनी नंतर त्यांच्या प्रत्येक पावलाला जुळणारे पेंग्विन रेखाटले. बर्टची नजर नेमकी पेंग्विनच्या उंचीवर खिळते, म्हणून आपला विश्वास बसतो. शिवाय कथेने त्यासाठी वाटही करून दिली आहे: जग खडूचे आहे, त्यामुळे ते रंगवलेलेच दिसणार, आणि पाऊस आला की रंग ओघळून सहल संपते. मूळ लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांचा अ‍ॅनिमेशनला विरोध होता, तरीही हा प्रसंग चित्रपटाला शोभतो, असे माझे ठाम मत आहे.

सांजदिवा:
दुसऱ्या प्रश्नाविषयी. १९७१ सालचा 'बेडनॉब्स अँड ब्रूमस्टिक्स' अवश्य दाखवावा. दिग्दर्शक तेच, रॉबर्ट स्टीव्हन्सन, आणि त्यातला प्राण्यांचा फुटबॉल सामना मुलांना हमखास आवडतो. १९८८ सालचा 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' कलेच्या दृष्टीने पुढचा टप्पा आहे, कारण त्यात कॅमेरा मुक्तपणे फिरतो आणि कार्टूनच्या अंगावर खोलीतल्या उजेडाप्रमाणे छाया-प्रकाश पडतो. मात्र त्यात खलनायक भेदरलेल्या एका कार्टून बुटाला रसायनात बुडवून विरघळवतो. आठ वर्षांच्या मुलीसाठी तो प्रसंग फार क्रूर आहे, म्हणून हा चित्रपट दोन-तीन वर्षे थांबून दाखवावा.