मदत हवी आहे: मामीच्या ‘पायका’ अ‍ॅन्युरिझमला क्लिप की स्टेंट?

मामी ५८ वर्षांची. चक्कर येते म्हणून एमआरआय केला, तर लहान मेंदूला रक्त पुरवणाऱ्या पायका (PICA) धमनीवर फुगा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, निघाला. फुटलेला नाही. डीएसएही (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेले एक्स-रे) झाली. हा प्रकारच दुर्मिळ, त्यात आमचा फुगा अरुंद तोंडाच्या पिशवीसारखा नाही, धमनीची अख्खी नळीच फुगलीय. त्यामुळे फुग्यात नुसती कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) भरून टिकणार नाही म्हणतात.

न्यूरोसर्जननी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनने धमनी काढून दाखवली: कवटीच्या मागून उघडायचं, फुगलेला भाग क्लिपने (छोट्या चिमट्याने) बंद करायचा, जमल्यास बायपास. धोका गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसांना, त्या अगदी तिथेच असतात. दुसरे डॉक्टर म्हणतात, मांडीतून किंवा मनगटातून फ्लो डायव्हर्टर (रक्ताचा प्रवाह फुग्यापासून वळवणारा जाळीचा स्टेंट) घालू. कवटी उघडायला नको, पण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या बरेच महिने. आणि मामीला पोटाचा जुना अल्सर आहे, त्यातून रक्तस्राव झाला तर!

क्लिप आणि कॉइलची तुलना करणारी २००२ ची आयसॅट चाचणी वाचली, २१४३ रुग्णांची. कॉइलवाले वर्षभरानंतर बरे निघाले, पण ते सगळे फुटलेल्या फुग्यांचे आणि बहुतेक मेंदूच्या पुढच्या भागातले. आमच्या केसला ते कितपत लागू?

कुणाच्या घरी पायकाचंच ऑपरेशन झालंय का? नंतर गिळायला त्रास, नाकातून नळी, किती दिवस? अल्सर असताना दोन्ही गोळ्या कशा निभावल्या? नुसतं स्कॅन करत थांबलेलं कुणी आहे का? मामा रोज विचारतात, ‘काय ठरलं रे?’ हॉस्पिटलचं नाव नको, अनुभव सांगा.