स्मार्ट कार्ड रीडर आणि ड्रायव्हर: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

डिजिटल सहीचं टोकन (सहीचं सर्टिफिकेट ठेवणारं, पेनड्राइव्हसारखं यूएसबी उपकरण) असो, कार्ड रीडर असो की नुसता उघडा बोर्ड, बसवताना काय अडलं आणि कशानं सुटलं ते इथे सविस्तर लिहा. विंडोज की लिनक्स, हे आवर्जून सांगा. पिन मात्र कुणीही टाकू नका.

जुळे सोलापूर, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी
प्रोजेक्टसाठी यूएसबी रीडर बोर्ड घेतला होता, लॅपटॉपवर उबुंटू. सगळे म्हणत होते, आधी ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) शोध. पण बोर्ड सीसीआयडी या यूएसबी कार्ड रीडरच्या मानकाचा असेल तर वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. पीसीएससीडी (रीडर सांभाळणारी सेवा) आणि लिबसीसीआयडी (सीसीआयडीचा सामायिक ड्रायव्हर) ही दोन पॅकेजेस पुरतात. आधी एलएसयूएसबी ही यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड चालवून बोर्ड यादीत येतो का ते बघा. माझा येतच नव्हता, कारण केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्या. केबल बदलल्यावर पीसीएससी_स्कॅन हा कार्ड तपासणारा प्रोग्रॅम चालवला, कार्ड घातलं आणि ३बी पासून सुरू होणारी एटीआरची (कार्डाच्या पहिल्या उत्तराची) ओळ आली. ती ओळ दिसली की रीडर आणि कार्ड दोन्ही बोलतायत, पुढचा घोळ तुमच्या प्रोग्रॅममध्ये शोधायचा. मैत्रिणीच्या एनएफसी (कार्ड नुसतं जवळ धरून वाचणाऱ्या) रीडरला वेगळाच त्रास झाला. कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) पीएन५३३ मॉड्यूल रीडर आधीच धरून बसतं, मग पीसीएससीडीला तो मिळत नाही. मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करून (म्हणजे आपोआप सुरू होणार नाही असं करून) मशीन रीस्टार्ट केल्यावर चालला.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल निर्यातीचं ऑफिस
आमच्याकडे विंडोज. टोकन लावलं की सीडी ड्राइव्ह दिसायचा, त्यातला सेटअपही चालवला, तरी सहीच्या वेळी सर्टिफिकेट सापडेना. कॉम्प्युटर 'फास्ट' करून देणाऱ्यानं स्मार्ट कार्ड ही सर्व्हिसच बंद करून ठेवली होती. सर्व्हिसेसमध्ये जाऊन सुरू केली, काम झालं. शिपमेंट अडली असताना हे शोधायला लागणं फार जिवावर येतं हो.

होटगी रोड, कर सल्लागार
रिटर्नच्या हंगामात घरून काम करणाऱ्यांसाठी लिहितो. टोकन ऑफिसच्या कॉम्प्युटरला आणि तुम्ही घरून रिमोट डेस्कटॉपनं आत शिरलात, तर ते टोकन दिसणार नाही. त्या सेशनमध्ये विंडोज तुमच्या घरच्या मशीनचे रीडर दाखवतं. ड्रायव्हर काढून पुन्हा घालण्यात आमच्या मुलांचा अख्खा दिवस गेला, ड्रायव्हरचा काही दोष नव्हता. टोकन घरी न्या, लॅपटॉपला लावा, आणि जोडणीच्या सेटिंगमध्ये लोकल रिसोर्सेसखाली स्मार्ट कार्डवर खूण करा.

नवी पेठ, कॉम्प्युटर दुरुस्ती
वरच्या सगळ्यांना दुजोरा. एक भर घालतो: चुकीचा पिन किती वेळा पडला याची मोजणी टोकनमधल्या चिपमध्ये होते. लॉक झालेलं टोकन सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकल्यानं उघडत नाही, आणि घाईत 'इनिशियलाइझ' (टोकन कोरं करण्याचं बटण) दाबलंत तर आतलं सर्टिफिकेटही पुसलं जातं. त्याआधी ज्यांच्याकडून सर्टिफिकेट घेतलं त्यांना फोन करा.