मदत हवी आहे: डाडच्या एपॉस शिष्यवृत्तीसाठी मानधनावरचा अनुभव धरला जातो का?

नमस्कार.

जर्मनीत जलव्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्यासाठी मी डाडच्या, म्हणजे जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या, एपॉस (विकसनशील देशांतील अनुभवी पदवीधरांना विकासाशी निगडित पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणाऱ्या) शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार आहे आणि अनुभवाच्या दाखल्यापाशी अडले आहे. ही शिष्यवृत्ती मिळवलेल्या, तिच्या निवडप्रक्रियेतून गेलेल्या किंवा आपल्या सहकाऱ्याला तिच्यासाठी शिफारसपत्र दिलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन केले, तर फार मोलाचे होईल. प्रश्न नेमका कळावा म्हणून तारखांसह सगळे लिहिते.

मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर आहे. करोनामुळे आमची अंतिम वर्षाची परीक्षा लांबून ऑक्टोबर 2020 मध्ये झाली. गुणपत्रिकेवर नोव्हेंबर 2020 ही तारीख आहे, तर पदवी प्रमाणपत्रावर 2021 मधील. मे 2022 पासून मी धाराशिव जिल्ह्यात पाणलोटाचे काम करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे. चौदा गावांतल्या 112 विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजणे, पर्जन्यमापकांच्या नोंदी ठेवणे आणि त्यावरून प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद तयार करून तो ग्रामसभेपुढे मांडणे, हे माझे काम. आमच्याकडचा खडक बेसॉल्टचा. त्यात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत, त्यामुळे एका विहिरीला मार्चपर्यंत पाणी असते आणि शंभर पावलांवरची दुसरी डिसेंबरातच तळ दाखवते. याचे कारण शेतकरी मला विचारतात, तेव्हा माझे उत्तर अर्धवट असते, आणि पुढे शिकण्याची गरज मला तिथेच जाणवली.

आता अडचण. मे 2022 ते ऑक्टोबर 2023 हे अठरा महिने मी मानधनावर पूर्णवेळ काम केले. मानधन दरमहा बँकेत जमा होत असे, पण नियुक्तिपत्र कोणालाच दिलेले नव्हते. नियुक्तिपत्र मिळाले ते 1 नोव्हेंबर 2023 चे. म्हणजे प्रत्यक्षात माझा अनुभव तीन वर्षे चार महिन्यांचा असला, तरी ऑगस्ट 2025 अखेर कागदोपत्री तो केवळ बावीस महिन्यांचा भरतो. एपॉसला पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. माझी कागदावरची दोन वर्षे 31 ऑक्टोबरला पूर्ण होतील आणि मी निवडलेल्या अभ्यासक्रमाची मुदत त्याआधीच संपते.

पुढच्या वर्षी अर्ज करावा, असे सहज सुचेल. परंतु शेवटची पदवी साधारणपणे सहा वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी एपॉसचीच दुसरी अट आहे. परीक्षेचा महिना धरला, तर पुढच्या वर्षीच्या मुदतीच्या वेळी सहा वर्षे जवळजवळ संपलेली असतील, आणि पदवी प्रमाणपत्राची तारीख धरली तर काही महिने हाताशी राहतील. त्यामुळे एका अटीसाठी यंदा दोन महिने कमी पडतात, आणि दुसऱ्या अटीचे पुढच्या वर्षी काय होईल याची शाश्वती वाटत नाही.

म्हणून माझा मुख्य प्रश्न असा आहे: संस्थेने आज, आजच्या तारखेने, दोन्ही कालखंड स्वतंत्रपणे नमूद करून एकच अनुभवपत्र दिले, आणि त्याला अठरा महिन्यांचे बँक खात्याचे उतारे जोडले, तर मानधनाचा काळ निवड समिती ग्राह्य धरते का? कोणाचा असा अर्ज स्वीकारला किंवा नाकारला गेला असेल, तर दोन्ही अनुभव मला सारखेच उपयोगी आहेत. सहा वर्षे कोणत्या तारखेपासून मोजली गेली, हेही ज्यांना स्वानुभवाने ठाऊक आहे त्यांनी कृपया सांगावे.

इतर पर्यायांचा विचार केलेला नाही असे नाही. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीलाही दोन वर्षांचा अनुभव लागतो, पण तिथे तो 2,800 तासांत मोजतात, म्हणजे आठवड्याला 35 तास आणि वर्षाला 40 आठवडे, आणि अर्धवेळ किंवा स्वयंसेवी कामही त्यात धरतात. त्या हिशेबाने माझे बावीस महिनेही पुरतात. शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची तिची अट मला जाचक वाटत नाही, कारण मला परत याच गावांत यायचे आहे. मात्र तिथला अभ्यासक्रम एका वर्षाचा. माझी पहिली पसंती असलेला श्टुटगार्ट विद्यापीठाचा जलस्रोत अभियांत्रिकी व व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि भूजलाचे प्रतिमान तयार करायला शिकण्यासाठी मला तेवढा अवधी हवा आहे.

राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीचीही चौकशी केली. मी इतर मागास वर्गातली असून उत्पन्नाच्या अटीत बसते, परंतु विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. श्टुटगार्ट त्या मर्यादेबाहेर आहे, आणि कोलोनच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठाचे, जिथे उष्णकटिबंधातील पाणी व इतर संसाधनांच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग आहे, त्या क्रमवारीत नावच नसते. विषयाची गुणवत्ता एकूण विद्यापीठाच्या क्रमांकावरून ठरवल्याने असे विशेष विभाग शासनाच्या योजनांतून सुटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिष्यवृत्तीविना जायचे झाल्यास व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) आधीच भरावे लागतात, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये. श्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात असल्याने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1,500 युरो शुल्कही आहे, जे कोलोनला नाही. घरची सव्वादोन एकर कोरडवाहू जमीन तारण ठेवून कर्ज काढावे असे वडील म्हणतात. मला ते नको आहे. एपॉस मिळाली, तर दरमहा 992 युरो आणि आरोग्य विमा मिळतो, आणि तेवढ्यावर साधेपणाने भागते असे तिथे राहिलेल्या एका ताईंनी सांगितले.

दुसरा प्रश्न दोन पानांच्या हेतुपत्राचा. त्यात सध्याच्या कामाचा संदर्भ अपेक्षित असतो. मी पहिल्या मसुद्यात हवामानबदल, शाश्वत विकास असे पुष्कळ लिहिले होते आणि ते वाचताना माझे मलाच परके वाटले. दुसऱ्या मसुद्यात एकाच गावाचा ताळेबंद घेतला: पाऊस किती पडला, किती मुरला, उसाने किती घेतला, सोयाबीन आणि तुरीने किती, आणि दोन वर्षांत नव्या बोअर कुठे झाल्या. पण ग्रामसभेतला ताळेबंद म्हणजे काय, हे जर्मनीतल्या प्राध्यापकांना समजावण्यातच अर्धे पान जाते. असे स्थानिक तपशील निवड समितीला भावतात, की त्यांना तांत्रिक पूर्वतयारी अधिक पाहायची असते?

भर: प्रतिसाद देणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. काहींनी विचारलेल्या गोष्टी इथेच लिहिते.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा जर्मन दूतावासाच्या पडताळणी केंद्राचा दाखला, काढलेले आहे. त्याचे 18,000 रुपये भरून, गुणपत्रिका पडताळून आलेल्या आहेत. मे 2022 पूर्वी मी सात महिने एका ठेकेदाराकडे बांधकामावर देखरेख केली, परंतु पगार रोख होता आणि कागद एकही नाही, म्हणून तो अनुभव मी धरलेला नाही.

एका सदस्यांनी नियुक्तिपत्रच मे 2022 च्या तारखेने करून घेण्याचे सुचवले. त्यामागची आपुलकी मी जाणते, पण ते मी करणार नाही. त्या अठरा महिन्यांत मी खरोखर काम केले आहे. ते जसे झाले तसेच मांडायचे आहे.

दुसऱ्या एका ताईंनी सांगितलेली गोष्ट मात्र फार उपयोगाची आहे. प्रकल्पाला निधी देणाऱ्यांकडे दर तिमाहीला अहवाल जात असे, आणि विहिरींच्या नोंदींखाली नोंद घेणारी म्हणून माझे नाव आहे. ते अहवाल जोडता येतील. शिवाय शिक्षणानंतर परत कामावर घेण्याची हमी नोकरी देणाऱ्याने शक्य असल्यास लिहून द्यावी असे एपॉसच्या कागदपत्रांच्या यादीत आहे, आणि आमच्यासारख्या प्रकल्पांवर चालणाऱ्या लहान संस्थेला ती कोणत्या शब्दांत देता येईल, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह आणि अलीकडच्या तारखेचे लागते, इतके मला कळले आहे. निधीची खात्री नसताना अशी हमी कोणी प्रामाणिकपणे लिहून दिली असेल, तर तिचा मजकूर साधारण कसा होता ते सांगावे. गुरुवारी संस्थेच्या सचिवांची भेट ठरली आहे, आणि त्यांच्यापुढे मी पत्राचा मसुदा ठेवणार आहे.