यूएसडीसी (सर्कल कंपनीचे डॉलर-टोकन) एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पाठवताना आपली फी कुठे कापायची?

प्रश्न
अ‍ॅपमध्ये सीसीटीपी व्ही२ (एका चेनवर टोकन नष्ट म्हणजे ‘बर्न’ करून दुसरीवर नवे ‘मिंट’ करणारी सर्कलची पद्धत) वापरून इथेरियम चेनवरून बेस चेनवर यूएसडीसी पाठवायची सोय आहे. त्यावर ०.२५ टक्के आमची फी लावायची आहे. सध्या दोन सह्या घेतो: आधी फीचा ट्रान्सफर, मग डिपॉझिटफॉरबर्न (बर्न करणारे फंक्शन). फी निघतानाच कापावी की पोहोचल्यावर? आणि या फंक्शनमधली ‘मॅक्सफी’ याच कामासाठी असते का?

प्रतिसाद १
मॅक्सफीचा तुमच्या फीशी संबंध नाही. फास्ट (नेहमीच्या ‘स्टँडर्ड’पेक्षा जलद) ट्रान्सफरसाठी सर्कल जी फी घेते, तिची ती कमाल मर्यादा. ती पोहोचण्याच्या चेनवर मिंट होताना कापली जाते.

दोन सह्यांचा प्रकार आधी बंद करा. फी गेली आणि बर्न अडकला, की परताव्याची कटकट तुमच्या गळ्यात. इथेरियमवर छोटा रॅपर कॉन्ट्रॅक्ट (चेनवर चालणारा मधला प्रोग्राम) ठेवा. एकाच व्यवहारात त्याने ट्रान्सफरफ्रॉमने (ग्राहकाच्या परवानगीने रक्कम ओढणारे फंक्शन) पूर्ण रक्कम घ्यायची, फी बाजूला काढायची, उरलेल्या रकमेचे अप्रूव्हल (खर्चाची परवानगी) टोकनमेसेंजरला, म्हणजे सीसीटीपीच्या बर्न करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला, देऊन बर्न करायचा. बर्न रिव्हर्ट झाला (व्यवहार फसून रद्द झाला) तर फीही कापली जात नाही.

यूएसडीसीला ६ दशांश स्थळे आहेत. १००० यूएसडीसी म्हणजे १,००,००,००,००० युनिट. २५ बेसिस पॉइंट (०.२५ टक्के) म्हणजे २५,००,००० युनिट, बर्नला उरतात ९९७.५. फास्टचा दर समजा १ बेसिस पॉइंट असेल, तर तो या ९९७.५ वर लागतो आणि हातात पडतात ९९७.४००२५. स्क्रीनवर हाच आकडा दाखवा. फी काढताना आधी दराशी गुणाकार, मग १०,००० ने भागाकार; उलट केलेत तर बारीक रकमांवर फी शून्य येते.

प्रतिसाद २
वरच्यात दोन गोष्टी जोडतो. फी लगेच तिजोरीच्या पत्त्यावर पाठवू नका, कॉन्ट्रॅक्टमध्येच साठवून नंतर काढा. तो पत्ता यूएसडीसीच्या ब्लॅकलिस्टमध्ये (व्यवहार रोखलेल्या पत्त्यांची यादी) गेला, तर फीचा ट्रान्सफर रिव्हर्ट होईल आणि त्याच्यासोबत सगळ्या ग्राहकांचे व्यवहार ठप्प.

दुसरे, फीचा दर मालकाला बदलता येत असेल तर कमाल मर्यादा कोडमध्येच पक्की करा, आणि वापरकर्त्याने मान्य केलेली फी पॅरामीटर म्हणून घ्या. नाहीतर सही आणि व्यवहार यांच्यामध्ये दर बदलू शकतो.

मॅक्सफी कमी पडली तर व्यवहार बुडत नाही, स्टँडर्ड गतीने जातो. ग्राहकाला मात्र ‘पैसे अडकले’ असेच वाटते. म्हणून प्रत्येक वेळी फीचा दर सर्कलच्या एपीआयकडून ताजा घ्या.

प्रश्नकर्ता
आभार. मग पोहोचल्यावर कापण्यात तोटा काय? उद्या सोलाना ही चेनही जोडायची आहे.

प्रतिसाद १
तिथे कापायची तर मिंट तुमच्या कॉन्ट्रॅक्टकडे वळवावा लागतो आणि डेस्टिनेशनकॉलरमध्येही (मिंट कोण चालवू शकतो ते ठरवणारे फील्ड) त्याचाच पत्ता भरावा लागतो. मग रिसीव्हमेसेज (मिंट घडवणारे फंक्शन) दुसऱ्या कोणालाच चालवता येत नाही. कॉन्ट्रॅक्टचे ते फंक्शन फक्त तुमच्या रिलेअरपुरते (पोहोचण्याच्या चेनवर मिंटचा व्यवहार पाठवणारा सर्व्हर) उघडे ठेवलेत आणि रिलेअर बंद पडला, की पैसे बर्न झालेले पण मिंट नाहीत. हुकडेटा (मिंटनंतरच्या कामाच्या सूचना) दिला म्हणजे सीसीटीपी तो आपणहून चालवेल, हाही गैरसमज; ते काम तुमच्याच कॉन्ट्रॅक्टचे. मी निघतानाच कापेन.

सोलानासाठी मिंटरेसिपिएंटमध्ये (मिंट कुठे जमा होईल ते सांगणारे फील्ड) वॉलेटचा नव्हे, त्या वॉलेटच्या यूएसडीसी ठेवणाऱ्या टोकन अकाउंटचा पत्ता लागतो, आणि ते अकाउंट मिंटआधी अस्तित्वात हवे. बर्न झाल्यावर हा पत्ता बदलता येत नाही.