बेशुद्ध न करता कापणं: बंदी घालायची तर कुणाकुणावर?

खाडीकाठ (चिपळूण)
काल इथे एकाने लिहिलं, "हलालवर बंदी घाला, एका वारात मान उडवणारा झटका हीच दयाळू पद्धत, युरोपनेही तेच केलं." रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

युरोपने झटका आणलेला नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स आणि वालोनिया या प्रांतांनी २०१९ मध्ये सक्ती केली ती कापण्याआधी जनावर बेशुद्ध करण्याची. तो नियम युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही २०२४ मध्ये उचलून धरला. त्या नियमात तुमचा झटकाही बसत नाही, कारण त्यातही जनावर शुद्धीवरच असतं. वार चुकला तर दुसरा घालावा लागतो.

मी तीस वर्षं गुरांचा डॉक्टर आहे. शेळीच्या मानेतल्या दोन्ही मोठ्या शिरा नीट तुटल्या तर काही सेकंदांत तिची शुद्ध जाते. मोठ्या गुरांचं तसं नाही. त्यांच्या मणक्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या मेंदूला रक्त पुरवत राहतात. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठाने २००९ मध्ये वासरांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या, तेव्हा सुरी फिरताना वेदनेच्या खुणा दिसल्या. म्हणून आधी बेशुद्ध करा, मग कापा. सगळ्यांनीच. दरवर्षी राखणेला, म्हणजे जागेच्या राखणदाराला, कोंबडा देणाऱ्या माझ्या घरानेही.

देवबागकर
डॉक्टरांनू, राखणेत कित्याक शिरतास? वर्साक एक कोंबो. आज्यान दिलो, बापाशीन दिलो, मी दितंय. गाऱ्हाणा घातल्यार कोंब्यान तांदूळ टिपल्यान, म्हणजे राखणदारान मान घेतल्यान. बेशुद्ध कोंबो तांदूळ कसो टिपतलो? आणि जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात कलम २८ आसा. धर्माच्या रीतीन कापला तर त्या कायद्यान गुन्हो नाय.

खाडीकाठ
कलम २८ मला पाठ आहे. तांदूळ टिपून झाल्यावर बेशुद्ध करायला कुठल्या राखणदाराची हरकत असेल?

दाभोळची लेक
माझे मामा गावात कापायचे. अर्ध्या हिंदू वाडीचे बकरेही त्यांच्याकडेच यायचे. सुरी बकऱ्याला दिसू द्यायची नाही, एकासमोर दुसरा कापायचा नाही, धार लावल्याशिवाय हात लावायचा नाही. सरकारने २००१ च्या कत्तलखाना नियमांत 'दुसऱ्या जनावरासमोर कापू नये' असं लिहिलं, पण आमच्या पडवीत ते आधीपासून होतं. आमची भीती वेगळी आहे. बेशुद्ध करायच्या करंटने बकरा आधीच मेला तर? मेलेलं आम्हाला हराम.

खाडीकाठ
ताई, रास्त शंका आहे. म्हणूनच न्यूझीलंडमध्ये हलालसाठी फक्त डोक्याला करंट देतात. कापलं नाही तर जनावर पुन्हा शुद्धीवर येतं. तिथून ते मांस मुस्लिम देशांत जातं आणि खाल्लंही जातं.

इस्रायल आळी
डॉक्टर, तुमचा हेतू चांगला असेल. पण आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात 'बंदी' या शब्दाने पोटात गोळा येतो. स्वित्झर्लंडने १८९३ मध्ये बेशुद्ध न करता कापायला बंदी घातली, तेव्हा दयेच्या आडून ज्यूद्वेष बोलत होता. नाझींनी सत्तेत येताच १९३३ च्या एप्रिलमध्ये तोच कायदा केला. माझे आजोबा रेवदंड्याला सुरीची धार नखावरून फिरवून बघायचे. बारीक दाता लागला तर त्या दिवशी कापणं नाही. एवढी काळजी तुमच्या कुठल्या मशीनची घेतली जाते?

खाडीकाठ
कायदा कुणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, हे मान्य. मनापासून नाही, पण मान्य. वेदनेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

परळचा चाकरमानी
त्या शेवटच्या दहा सेकंदांवर किती भांडणार? कुंभार्ली घाटातून रोज ब्रॉयलरची गाडी उतरते. तिथून चिकन सेंटरपर्यंत कोंबड्या स्कूटरच्या हँडलला पाय बांधून उलट्या, डोकं रस्त्यापासून वीतभर. गणपतीत गावी आलो तेव्हा अशा एका स्कूटरमागे अर्धा तास अडकलो होतो. मुलगी सात वर्षांची. तिने त्यानंतर चिकन सोडलं ते सोडलंच. बोला यावर.

सेंटरवाला
मी बोलतो. ती स्कूटर माझ्यासारख्याचीच असते. हॉटेलवाल्याला सकाळी सातला माल हवा. पिंजरा लावला तर एका खेपेचा माल तीन खेपांत जातो. पेट्रोल कोण देणार? किलोमागे पाच रुपये वाढवले तर तुम्हीच समोरच्या दुकानात जाता. सोलून, बारीक तुकडे करून मागता आणि मी कापताना तोंड फिरवता. वर आम्हालाच राक्षस ठरवता!

परळचा चाकरमानी
राक्षस कोण म्हणालं? पाय मोडलेली कोंबडी तुम्हीच ड्रममध्ये टाकता ना?

सेंटरवाला
टाकतो. आणि तुमच्या घरी कुर्ल्यांच्या नांग्या जिवंतपणी मोडतं कोण? तुमची आईच ना?

देवबागकर
आवशीर जाव नको हां.

इस्रायल आळी
आईला मध्ये आणू नका, पण मुद्दा खरा आहे. ज्या स्वित्झर्लंडला मी वर नावं ठेवली, त्यानेच २०१८ पासून शेवंड जिवंत उकळायला मनाई केली. तिथे त्यांचं बरोबर आहे, हे लिहिताना मला जड जातंय.

दाभोळची लेक
चिंबोऱ्या मी आधी अर्धा तास बर्फात ठेवते, गार पडतात. कुणी शिकवलं नाही. हातात वळवळताना बघवत नव्हतं.

खाडीकाठ
धागा स्कूटरवर गेला याचा मला राग आला होता. पण माझ्या तीस वर्षांत लोक माझ्याकडे गाय, म्हैस, कुत्रा घेऊन आले. पाय मोडलेली ब्रॉयलर कुणी एकदाही आणली नाही, आणि मीही रस्त्यात स्कूटर थांबवून एकही तपासली नाही. बेशुद्ध करण्याचा आग्रह मी सोडत नाही. सेंटरवाले, तुमच्या स्कूटरला मागे पिंजरा बसवायला वेल्डर काय घेईल ते विचारा. निम्मे मी देतो.

सेंटरवाला
विचारतो. पण खेपा तीनच होणार, आणि दर पाच रुपयांनी वाढणार. तेव्हा समोरच्या दुकानात जाऊ नका.