रामनवमीची शिर्डी पदयात्रा: आईला ऊन झेपेल का?

प्रश्न: आई यंदा परळहून पालखीबरोबर चालत निघतेय. शहापूर ते कसारा या टप्प्याची मला फार धास्ती वाटते. काय काळजी घ्यावी?

उत्तर १: ताई, पहाटे तीनला निघायचं आणि दहाच्या आत सावली गाठायची. डांबर तापलं की चपलेतूनही चटका बसतो. आपल्याला मुंबईच्या चिकचिकीची सवय. घाट चढून इगतपुरी-घोटीकडे गेलं की हवा कोरडी होते. घाम जागच्या जागी सुकतो, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळतच नाही. तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहायचं, मध्ये ओआरएस. नुसतं पाणी ढोसलं तर अंगातलं मीठ कमी पडतं. नवे बूट अजिबात नकोत! माझ्या शेजारच्या काकूंच्या टाचेला सिन्नरच्या अलीकडे लिंबाएवढा फोड आला होता. बोटांना व्हॅसलिन आणि वर सुती मोजे, एवढं कराच.

उत्तर २: त्यांना बीपीची गोळी चालू आहे का? काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आधी डॉक्टरांना विचारा. आणि बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर ताबडतोब सावलीत झोपवा, अंगावर पाणी ओता, १०८ लावा.

प्रश्नकर्ती: गोळी चालू आहे. उद्याच दवाखान्यात नेते.